नळी बरोबर, माणूस चुकला

गुरुवारी पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांनी वैजयंती इढोळे पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावर, अंगणातल्या खाटेशी उकिडवी बसून, मदनसिंगच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होती. मदनसिंग खाटेवर उताणा पडलेला. अंगावर दोन गोधड्या, डोक्याला मफलर, उशाशी पाण्याचा तांब्या, पायथ्याशी बायको. तीन दिवस तो असाच पडून होता. सोमवारी वैजयंतीनंच फोन करून सांगितलं होतं, की रक्तातला एक आकडा फार वाढलेला आलाय, गुरुवारी येऊन पुन्हा तपासते, तोवर जड काम करू नका आणि मीठ कमी खा. गोमतीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ही सूचना मनावर घेतली आणि मिठाचा डबाच शेजारच्या घरी नेऊन ठेवला.

"कसं वाटून राह्यलं, भाऊ?" वैजयंतीनं विचारलं.

"कसं वाटन? तीन दिवसापासून बिनमिठाची भाजी खाऊन राह्यलो. बिमारीनं नाही मेलो तर याच्यानं मरन."

"काही मरत नाही," गोमतीबाई म्हणाली. "काल रात्री दोन भाकरी जास्तच हाणल्या."

वैजयंतीनं त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि थांबली. शीर होती तिथंच होती. सरळ, उथळ, कौलाच्या पन्हाळीसारखी. सुई लावायची तर डोळे मिटून लावता येईल अशी. जून महिन्यात तिनं हीच शीर पाहिली होती आणि ऑक्टोबरातही. पण जानेवारीच्या तीस तारखेला, तिसऱ्या फेरीत, मदनसिंगच्या हातावर तिला जी शीर सापडली होती ती जाड आणि पळकी होती. सुई जवळ आली की बाजूला सरकायची. तेव्हा तिनं थंडीला दोष दिला होता. आता बोट शिरेवर ठेवून तिनं तो दोष परत घेतला.

तिनं रक्त काढलं, पट्टा सोडला, कापूस दाबायला दिला.

वैजयंती त्रेचाळीस वर्षांची. माहेर जऊळक्याचं, वडिलांचं स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. सासर अनसिंगचं, नवऱ्याची पिठाची गिरणी. तपासणीचा कोर्स अकोल्यात केला, मग वाशीमला एका खासगी लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढलं, आणि गेली तीन वर्षं ती रक्ताचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरांकडे आहे. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत. अनसिंगच्या बाजारात लोक रामराम घालतात आणि ती अनोळखी नजरेनं पाहत राहते. समोरच्यानं बाही वर केली की मात्र नाव, गाव आणि मागच्या वेळी किती वेळा टोचावं लागलं होतं, सगळं सांगते. एका लग्नात ती नणंदेच्या नवऱ्याशी पाच मिनिटं कुणीतरी पाहुणा समजून बोलत होती. त्यानं जेवणासाठी हात धुवायला बाह्या सरसावल्या तेव्हा म्हणाली, "अरे, भाऊजी तुमी हायेत होय!" नणंद अजून ती गोष्ट विसरलेली नाही.

तर अभ्यास असा. रक्तात पेप्टाइडं असतात. प्रथिनांच्या लांब साखळीचे हे बारीक तुकडे. शरीरात कुठं काही बिनसलं की त्यातलं एखादं वाढतं, एखादं घटतं, आणि माणसाला स्वतःला काही जाणवायच्या आधी ते रक्तात दिसू शकतं. त्यातलं एक हृदयाचं. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की ते पेप्टाइड रक्तात सोडलं जातं. आकडा शंभराच्या आत असला तर सहसा चिंता नसते. चारशेच्या वर गेला तर डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात. गावोगावच्या तीनशे माणसांचं रक्त दर चार महिन्यांनी घ्यायचं आणि कोणतं पेप्टाइड कोणत्या आजाराची आधी वर्दी देतं ते पाहायचं, एवढं काम. तांड्यावर वैजयंती ते असं सांगते: "घरात भांडण झालं की आधी भांडे वाजतात. माणूस बाहेर येऊन सांगते ते नंतर. आमी भांडे ऐकतो."

ही पेप्टाइडं नाजूक असतात. नळी उन्हात राहिली तर रक्तातलेच पाचक रस त्यांना कातरून टाकतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून जांभळ्या टोपणाची नळी, ती लगेच बर्फात, आणि अर्ध्या तासाच्या आत फिरवायच्या यंत्रात. वैजयंतीच्या स्कूटरला मागे बर्फाची पेटी बांधलेली असते. वाटेत कुणी तिला चहाला थांबवू शकत नाही. एकदा आमदारांच्या गाड्यांनी रस्ता अडवला तेव्हाही ती थांबली नाही, शेतातून गेली.

मदनसिंगचे पहिले दोन आकडे एकतीस आणि छत्तीस. तिसरा अकराशे चाळीस.

सोमवारी हा आकडा आला तेव्हा अभ्यासाच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, नळ्या तर बदलल्या नाहीत ना?" वैजयंतीला हा प्रश्न, तुम्ही कुणाची कोंबडी तर चोरली नाही ना, अशा अंगानं लागला. चौदा वर्षांत तिनं एका नळीवर नावाची चुकीची पट्टी लावलेली नाही. पट्टी ती माणसासमोर लावते, नाव त्याच्या तोंडून वदवून घेते. तीस तारखेलाही घेतलं होतं. बोचरी थंडी, मंदिरासमोर शेकोटी, सगळे पुरुष घोंगड्यात गुंडाळलेले. एका घोंगडीतून उजवा हात बाहेर आला. "नाव?" घोंगडीतून उत्तर आलं, "मदनसिंग." तिनं लिहिलं.

डॉक्टरांनी तिला आजसाठी एक छोटं यंत्र दिलं होतं, पावाच्या डब्याएवढं. त्यात रक्ताचे काही थेंब घातलेली चकती सरकवायची, पंधरा मिनिटांत हृदयाच्या पेप्टाइडचा आकडा येतो. चकत्या दोनच दिल्या होत्या. महाग असतात, एक मदनसिंगसाठी आणि एक बिघडलीच तर. चकती गार असली की यंत्र रुसतं, म्हणून तांड्यावर येईपर्यंत वैजयंतीनं दोन्ही चकत्या स्वेटरच्या आत धरल्या होत्या.

यंत्र चालू झालं. मदनसिंग त्याच्याकडे परीक्षेच्या निकालाकडे पाहावं तसा पाहत होता. गोमतीबाई देवाकडे पाहावं तशी.

सहा वाजून सोळा मिनिटांनी आकडा आला. चौतीस.

वैजयंतीनं आकडा वहीत लिहिला आणि दुसरी चकती पुन्हा स्वेटरच्या आत सारली. आता गोष्ट साधी होती आणि वाईटही. मदनसिंगचं हृदय ठणठणीत होतं. पण तीस तारखेला त्या घोंगडीतून बाहेर आलेला हात कुणाचा तरी होता, तो माणूस या तांड्यात कुठंतरी फिरत होता, आणि त्याचं हृदय थकत चाललंय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. चकती एक उरली होती. तांड्यात हाक दिली असती तर चाळीस हात पुढे आले असते.

"वैनी," ती म्हणाली, "चहा होईल का घोटभर?"

"काहून नाही होईल? याले बी देऊ?"

"द्या. चहात कुठं मीठ असते."

गोमतीबाई आत गेली. वैजयंतीनं खाट जवळ ओढली.

"भाऊ, तीस तारखेला तुमी कुठं होते?"

"इथीच. रगत देल्लं ना तुमाले."

"तुमी नाही देल्लं."

"मंग कोणं देल्लं?"

"तेच विचारून राह्यली."

मदनसिंगनं मफलर भुवयांपर्यंत ओढला. "बाई, मी बिमार माणूस हाओ. जास्त बोलू नको म्हणलं डाक्टरनं."

"तुमी बिमार नाही. आकडा चौतीस हाये. माह्यापेक्षा चांगला असन. ज्याचं रगत होतं तो बिमार हाये, अन् त्याले माहीत नाही. आता सांगा."

मदनसिंगनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज इतका खाली आणला की वैजयंतीला कान पुढे करावा लागला.

कारण खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. विदर्भात याच्यावाचून कुणाची सकाळ सुरू होत नाही असं नाही, पण बऱ्याच जणांची होत नाही. दिवाळीत मदनसिंगनं गोमतीबाईच्या सांगण्यावरून पोहरादेवीला जाऊन सेवालाल महाराजांसमोर खर्रा सोडल्याची शपथ घेतली होती. शपथ सव्वीस दिवस टिकली. आणि ऑक्टोबरातल्या फेरीत वैजयंतीनं स्वतः, मंदिरासमोर बसून, तांड्याला ठणकावून सांगितलं होतं, "माणूस खोटं बोलते. रगत नाही बोलत. रगतात सगळं दिसते."

"तुमीच म्हणलं ना सगळं दिसते?" मदनसिंग म्हणाला. "मंग खर्रा नाही दिसन? कागद घरी येते. कागद ही वाचून घेते पोरीकडून. मी काय करू?"

"म्हणून दुसऱ्याले धाडलं?"

"दुसऱ्याले कायले? घरच्याच माणसाले धाडलं." मदनसिंगला हा आरोप खरोखरच अन्यायाचा वाटला. "हरी गेलता. हरिसिंग. माहा चुलतभाऊ. सुपारीले बी शिवत नाही तो. म्हणलं, साफ रगत जाऊ दे बाईकडं. बाई बी खुश, तुमचा डाक्टर बी खुश."

इथं तांड्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर मदनसिंग लबाड वाटेल. तो लबाड आहेच, पण या बाबतीत कमी. तांड्यावर नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, बोलावणं आलं की घरटी एक माणूस जातो. मयतीला, बैठकीला, भंडाऱ्याच्या कामाला. घरातला कोण गेला हे कुणी विचारत नाही. घर गेलं, झालं. नायकाच्या मोजणीत मदनसिंग आणि हरिसिंग यांच्या चुली दोन, घर एक. नायकानंच तीस तारखेला हाळी दिली होती, की रगतवाल्या बाईकडे मदनसिंगचं घर यावं. घर गेलं. तिथं बाईनं नाव विचारलं, घराचं नाव सांगितलं.

"रगत बी घरचंच हाये ना," मदनसिंग म्हणाला. "आजा एकच आमचा. अन् राशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावा लागते, तिथी नाही चालत आमचं. तुमी कुठं अंगठा घेतला?"

हा मुद्दा वैजयंतीनं वहीत लिहून घेतला. अभ्यासाच्या अठ्ठेचाळीस पानी नियमावलीत तो नव्हता.

"एक सांगू?" ती उठता उठता म्हणाली. "या तपासणीत खर्रा दिसतच नाही. या पेप्टाइडले तुमच्या खर्र्याशी काही देणंघेणं नाही."

मदनसिंगच्या चेहऱ्यावर तीन दिवसांची बिनमिठाची भाजी एकदम उमटली.

"हिले सांगजा नको," तो कसाबसा म्हणाला.

"मी कोणाचंच कोणाले सांगत नाही. नियम हाये."

शेजारच्या अंगणात हरिसिंगची बायको रामीबाई शेणानं सारवत होती. मदनसिंगच्या घरचा मिठाचा डबा तिच्याच ओट्यावर होता. हरिसिंग कुठं आहे विचारल्यावर ती म्हणाली, विहिरीवर गेला, सहालाच. हरिसिंग विहिरी खोदतो. सत्तेचाळीस वर्षांचा, गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीत खाली उतरतो आणि पाणी लागलं की निघून येतो. सध्या तांड्यापासून दीड किलोमीटरवर काम चालू होतं, चाळीस फूट झाली होती.

"दम लागते का त्याहिले?" वैजयंतीनं विचारलं.

"दम नाही, बापा. बैल हाये तो." रामीबाईनं हात धुतले. "पन दोन महिने झाले, झोपत नाही धड. भिंतीले टेकून बसते रातभर. म्हणलं, पडा ना. म्हणते, पडलं की विहीर छातीवर येते. मी म्हणलं वय झालं तुमचं, तं माह्यावरच चिडते. अन् जोडा बी नाही बसून राह्यला पायात. नवाच घेतला होता."

वैजयंतीनं फक्त "बसा मागं" एवढंच म्हटलं. रामीबाई सारवण अर्धं टाकून स्कूटरवर बसली. पेटी, यंत्र, रामीबाई आणि स्वेटरातली चकती असा सगळा ऐवज शेतातल्या चाकोरीतून निघाला. मागून चहाचे कप घेऊन गोमतीबाई बाहेर आली, तेव्हा खाट रिकामी होती. तीन दिवसांचा रोगी गोधडी टाकून अनवाणी स्कूटरच्या मागे पळत होता. हरी वर येऊन काय बोलेल याचा त्याला भरवसा नव्हता. गोमतीबाईनं कप खाली ठेवले आणि तीही निघाली. नवरा पळतोय म्हणजे पाहण्यासारखं काहीतरी आहे, एवढा संसार तिनं केलेला होता.

विहिरीवर क्रेनवाला फुलचंद दगडांनी भरलेला लोखंडी डबा वर ओढत होता. वैजयंतीनं त्याला यंत्र बंद करायला सांगितलं आणि काठावरून वाकून हाक मारली.

"हरिसिंग भाऊ! वर या!"

"कोन हाये?" खालून आवाज आला. विहिरीच्या आवाजाला एक गुण असतो. तो आत असतो त्याच्या दुप्पट होऊन बाहेर येतो.

"वैजयंती! रगतवाली!"

"अवं, देल्लं ना रगत! मागच्या महिन्यातच तं देल्लं!" मग त्याच आवाजात, "म्हंजे मदननं देल्लं!"

तोवर मदनसिंग धापा टाकत पोचला होता आणि त्याच्या मागे दहा पावलांवर गोमतीबाई. मदनसिंग काठावरून हातानं खुणा करत होता, पण चाळीस फुटांवरून हाताच्या खुणा दिसत नाहीत.

"कोणं देल्लं, हरी?" गोमतीबाईनं वाकून विचारलं.

"वैनी? तू बी आली काय?" हरिसिंगला बरंच वाटलं. "मंग लपवून काय उपेग! मी म्हणलं याले, खर्रा खाते तं खा, पन कबूल कर. तं म्हणे, रगतात दिसन. म्हणून गेलो मी!"

विहिरीनं 'खर्रा' हा शब्द दोन वेळा सांगितला. शेजारच्या हरभऱ्यात सोंगणीला आलेल्या बायांनी विळे थांबवले. वैजयंतीनं नियम पाळला होता. विहिरीला नियम नव्हते.

गोमतीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "महाराजापुढं हात जोडले होते ना तुमी?"

"जोडले ना."

"मंग?"

"जोडलेले हातच होते ते. तोंडानं कुठं काय म्हणलं मी?"

"वैनी, भाऊ, हे नंतर," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज आता सुई टोचतानाचा होता, कोरडा. "फुलचंद भाऊ, डबा खाली सोडा. हरिसिंग भाऊ, चढू नका! डब्यात बसा!"

हे हरिसिंगला पटलं नाही. तीस वर्षांत तो डब्यात बसून वर आलेला नव्हता. डबा दगडाले हाये, असं तो नेहमी म्हणायचा, आणि संध्याकाळी दोराच्या शिडीनं चढून यायचा. खालून तो बराच वेळ हे सांगत राहिला. शेवटी रामीबाई काठाशी आली आणि एवढंच म्हणाली, "बसा."

तो बसला. फुलचंदनं क्रेन चालू केली. गोल फिरत, दगडाच्या भुकटीनं पांढरा झालेला, दोन्ही हातांनी साखळी धरलेला हरिसिंग जमिनीच्या वर आला तेव्हा हरभऱ्यातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. तो त्यांच्याकडे न बघता उतरला.

मलब्याच्या ढिगावर फोन लागत होता. वैजयंती वर चढून डॉक्टरांशी बोलली.

"तो माणूस यादीत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"यादीत नाही, सर, पण आकड्यात तोच आहे. अकराशे चाळीस त्याचे आहेत."

डॉक्टर म्हणाले, "त्याला विचारा. हो म्हणाला तर घ्या. आणि सगळं लिहून ठेवा."

हरिसिंगला विचारलं. तो म्हणाला, घ्या, एकदा देल्लंच हाये. यावेळी तिनं नाव त्याच्याकडून वदवलं, रामीबाईकडून वदवलं आणि फुलचंदकडूनही वदवलं. मग बाही वर केली. बोटाखाली शीर जाड होती. सुई जवळ येताच बाजूला सरकली.

"हीच," वैजयंती स्वतःशी म्हणाली आणि तिला पकडली.

पंधरा मिनिटं काढायची होती. यंत्र उलट्या घमेल्यावर ठेवलं होतं. वैजयंतीनं हरिसिंगचा पाय पुढे घेतला, घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. रामीबाईनं तो पाहिला आणि दुसरा पाय स्वतः दाबून पाहिला.

आकडा तेराशे सव्वीस आला.

"म्हंजे पास का नापास?" हरिसिंगनं विचारलं.

"हृदयावर लय ताण येऊन राह्यला. आजच वाशीमले जा लागते."

हरिसिंगनं विचार केला. "पन बाई, कागदावर तं मदनचं नाव हाये. बिमारी त्याच्या नावावर निंगाली. त्यालेच न्या ना. तीन दिवसापासून तयार होऊन बसला हाये तो."

"हरी!" मदनसिंग म्हणाला.

"कायले हरी? बिमारी तुह्या नावाची, रगत माहं. अर्धं अर्धं वाटून घेऊ. अन् मले काय झालं? चाळीस फूट उतरतो, चाळीस फूट चढतो. पाणी लागाले दोन दिवस राह्यले. आज गेलो तं दोन दिवसाचं काम बुडते."

वैजयंतीनं त्याच्याशी वाद घातला नाही. आपली ओढणी तिनं मलब्याशेजारच्या सपाट जमिनीवर अंथरली.

"ठीक हाये. इथी उताणे झोपून दाखवा. पाच मिनिटं. झोपले तर मी परत जाते."

"बस एवढंच?" हरिसिंग हसला आणि आडवा झाला. वर फेब्रुवारीचं स्वच्छ आभाळ होतं. तो आभाळाकडे बघत होता आणि बाकी सगळे त्याच्याकडे. पहिलं मिनिट गेलं. मग त्याची छाती भराभर वरखाली व्हायला लागली. एक कोरडा खोकला आला. दुसरा आला. दुसरं मिनिट पुरं व्हायच्या आत तो दोन्ही हात जमिनीला टेकून उठून बसला, तोंड उघडं, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा.

कुणी हसलं नाही. हरभऱ्यातल्या बायाही नाही. मदनसिंगनं स्वतःच्या डोक्याचा मफलर काढून हरिसिंगची घामेजलेली मान पुसली. हरी लहानपणापासून त्याच्या वाट्याची ओझी उचलत आला होता आणि मदनसिंगला ते कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

"चाल," मदनसिंग म्हणाला. "मी येतो संगं."

"तुमी कुठं चालले?" गोमतीबाई म्हणाली. इतका वेळ ती हिशोब जुळवत होती. "संगं रामी जाईन. तुमी इथी थांबा. विहिरीवर या घरचा एक माणूस लागते ना? हरी नाही, तं तुमी उतरा."

"मी? अवं, मी बिमार..."

"बिमार माणूस एवढा पळत येते काय? फुलचंद भाऊ, उतरवा याले. घर गेलं पाह्यजे खाली."

फुलचंदनं मदनसिंगच्या पोटाकडे आणि मग दोराच्या शिडीकडे पाहिलं. "डब्यात जा, दादा," तो म्हणाला. "शिडी माही जुनी हाये."

मदनसिंग डब्यात बसून खाली गेला. जाताना तो साखळी धरून काहीतरी सांगत होता, ते काठावर असेपर्यंत ऐकू आलं नाही. विहिरीत शिरल्यावर मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. खाली किती काळोख आहे, दगड किती जड आहेत आणि दुपारच्या भाजीत तरी मीठ घालशील का, अशी ती विचारणा होती. गोमतीबाईनं काठावरून उत्तर दिलं की मीठ घालीन, पण मिठाचा डबा घरी खिसे तपासल्यावरच येईल.

हरिसिंग आणि रामीबाई, फुलचंदचा पोरगा चालवत होता त्या पिकअपमध्ये, पुढच्या सीटवर बसून वाशीमला गेले. पाय पसरायला जागा मागे होती, पण तो मागे बसायला तयार नव्हता. मागे दगड नेतात, म्हणाला. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुपारी बाराला त्याला तपासलं, अंगातलं पाणी उतरवायचं औषध सुरू केलं आणि दाखल करून घेतलं. संध्याकाळपर्यंत तो अकरा वेळा लघवीला गेला. हे रामीबाईनं वैजयंतीला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली की तो नर्सबाईला सांगतोय, तीस वर्षं पाणी शोधलं, ते अंगातच होतं.

वैजयंतीनं मानोऱ्याला, अभ्यासासाठी घेतलेल्या खोलीवर बसून अहवाल लिहिला. चुकीच्या नोंदीसाठी नियमावलीत एक छापील तक्ता आहे. त्यात तीन पर्याय: नळी बदलली, पट्टी चुकली, नमुना खराब झाला. तिनं तिन्ही खोडले आणि खाली हातानं लिहिलं: "क्रमांक १४७, तिसरी फेरी. नळी बरोबर, पट्टी बरोबर, नमुना उत्तम. माणूस चुकला. जबाबदारी माझी. चेहरा पाहिला नव्हता." अभ्यासाच्या डॉक्टरांनी वाचून फोन केला. शेवटची दोन वाक्यं काढून टाका, असं ते म्हणाले. वैजयंती म्हणाली, काढत नाही.

मग त्यांनी विचारलं, तिसऱ्या फेरीतला तो आकडा आता अभ्यासातून वगळायचा का. वगळायचा, ती म्हणाली. पण हरिसिंगला नवा क्रमांक द्यायचा, त्याची संमती घेऊन, त्याच्याच नावानं. डॉक्टर म्हणाले, तो नमुना अभ्यासाच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे, तीस तारखेला त्याला स्वतःला तर काहीच त्रास जाणवत नव्हता. वैजयंतीला हरिसिंगनं दोन महिने भिंतीला टेकून काढलेल्या रात्री आठवल्या. "जाणवत होता, सर," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं कुणी."

हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको. वाशीमच्या त्या दवाखान्यात इकोचं यंत्र मंगळवारी आणि शुक्रवारीच चालतं. उद्या शुक्रवार आहे. यादी सकाळी साडेनऊला सुरू होते. हरिसिंगचा नंबर चौथा.